एक लाखाचा चरखा

1929च्या जुलै महिन्यात अखिल भारत चरखा संघाने एक बक्षीस जाहीर केलं. खेड्यातल्या साध्या घरात चालेल, एका बाईला दिवसभर वापरता येईल आणि तेव्हाच्या चरख्यापेक्षा कितीतरी जास्त सूत देईल असा चरखा जो कोणी बनवील, त्याला एक लाख रुपये मिळणार होते. त्या काळी सोन्याचा भाव तोळ्याला वीस रुपयांच्या आसपास होता. म्हणजे हे बक्षीस सुमारे पाच हजार तोळे सोन्याचं होतं. स्पर्धा देशी कारागिरांना खुली होती, तशीच परदेशी इंजिनियरांनाही. म्हणून रक्कम पौंडांतही सांगितलेली होती.

लोकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या आणि पै-पैचा हिशोब ठेवणाऱ्या संस्थेने एवढी मोठी रक्कम एका यंत्रावर लावावी, ही गोष्ट आजही थबकून विचार करायला लावते. या संस्थेचे अध्यक्ष महात्मा गांधी होते. यंत्रयुगाचे कडवे टीकाकार म्हणून जगभर ज्यांचं नाव झालं, त्यांनीच जगातल्या यंत्रज्ञांना साद घातली होती.

हे बक्षीस कोणालाच मिळालं नाही. खादीच्या इतिहासात त्याचा उल्लेख म्हणूनच दोन-चार ओळींत संपतो. पण सार्वजनिक हितासाठी बक्षिसं लावून संशोधनाला चालना द्यावी, असा विचार आज सरकारं आणि मोठमोठ्या संस्था करत असताना ही जुनी स्पर्धा नीट वाचायला हवी. काय मागावं, हे तिच्या अटी शिकवतात. मागताना काय द्यायला विसरू नये, हे तिच्या अपयशातून कळतं.

माळ्यावरचा चरखा

गांधींनी 1909 साली ‘हिंद स्वराज’ लिहिलं, तेव्हा त्यांनी चरखा डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. 1915मध्ये ते दक्षिण आफ्रिकेतून परतले, तेव्हाही नाही. परतल्यावर उभारलेल्या आश्रमात त्यांनी हातमाग बसवले, आश्रमवासी विणायला शिकले. पण मागावर चढत होतं ते गिरणीचं सूत. कापड हाताचं आणि सूत गिरणीचं, अशी स्थिती होती. गिरण्यांनी सूत दिलं नाही तर माग बंद. हाताने सूत कातणारं कोणी भेटतं का, याचा शोध सुरू झाला.

तो शोध गंगाबेन मजमुदार या विधवा बाईंनी लावला. गुजरातभर फिरून त्यांनी बडोदे संस्थानातल्या विजापूरला चरखे गाठले. अनेक घरांत ते माळ्यावर पडून होते. बायका म्हणाल्या, कोणी पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळकट्या, आणून देत असेल आणि सूत विकत घेत असेल तर आम्ही पुन्हा कातू. मुंबईचे गिरणीमालक उमर सोबानी यांनी आपल्या गिरणीतून पेळू पाठवले. गिरणीच्या पेळूंवर हाताची खादी उभी करणं गांधींना रुचेना, तेव्हा गंगाबेननी महिना 35 रुपयांवर एक पिंजारी शोधला आणि पेळूही हातानेच तयार होऊ लागले. साबरमतीच्या आश्रमात गांधींचे पुतणे मगनलाल यांनी चरख्यात सुधारणा केल्या, आश्रमात चरखे बनू लागले. पहिली खादी निघाली ती वाराला 17 आण्यांची. त्या दराने खादी गरिबाच्या अंगावर येणं शक्य नव्हतं. गांधींनी आत्मकथेत हे सगळं लिहून ठेवलं आहे.

पुढची काही वर्षं वेगाने गेली. 1921मध्ये बेझवाड्याला काँग्रेस महासमितीने तीन उद्दिष्टं ठरवली: टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये, काँग्रेसचे एक कोटी सभासद आणि देशात वीस लाख चरखे. 1925च्या सप्टेंबरात पाटण्याला अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. कापूस पुरवणं, सूत गोळा करणं, विणकरांना देणं आणि खादी विकणं, असा सगळा व्याप त्याने अंगावर घेतला. चळवळीला आता धंद्याचं गणित सोडवायचं होतं.

दोन आण्यांचं गणित

ते गणित अवघड होतं. दिवसभर, म्हणजे आठ तास कातून बाईच्या हाती पडत ते आणा-दोन आणे. मजुरी वाढवावी तर खादी महाग होते. खादी आधीच गिरणीच्या कापडापेक्षा महाग होती, आणखी महागली तर खपणार नव्हती. मजुरी वाढवायची नाही तर कातणारीने पोट कसं भरायचं? दोन्ही बाजूंनी कोंडी होती. ती फोडायचा एकच सरळ मार्ग दिसत होता. त्याच आठ तासांत सूत जास्त निघालं पाहिजे.

इथे कातण्याची क्रिया थोडी समजून घेतली पाहिजे. साध्या चरख्यावर एक चाती, म्हणजे फिरणारी लोखंडी सळई, असते. उजवा हात चाक फिरवतो, डावा हात पेळूतून तंतू ओढतो. चाती फिरते तसा त्या तंतूंना पीळ बसतो. हात लांब गेला की कातणारी क्षणभर थांबते, चाक किंचित उलटं फिरवते आणि तयार झालेला धागा चातीवर गुंडाळते. मग पुन्हा ओढणं. म्हणजे कातायचं आणि गुंडाळायचं ही कामं आलटून-पालटून चालतात आणि प्रत्येक फेऱ्यात वेळ जातो. गिरणीतल्या यंत्रात ओढणं, पीळ देणं आणि गुंडाळणं एकाच वेळी, अखंड आणि शेकडो चात्यांवर चालतं.

चरख्याला दोन-चार चात्या जोडल्या की झालं, असं वरवर पाहणाऱ्याला वाटेल. खरी अडचण डाव्या हाताची होती. हाताने पिंजलेल्या कापसाचा पेळू कुठे जाड, कुठे विरळ असतो. कातणारीच्या बोटांना तो फरक कळतो. जाड जागी बोटं अधिक ओढतात, विरळ जागी हलकी पडतात. हे ज्ञान बोटांत वर्षानुवर्षं साठलेलं असतं. चात्या वाढवायच्या तर धागा ओढायचं काम बोटांकडून काढून रुळांकडे द्यावं लागतं. रुळांना समज नसते. त्यांना एकसारखा पेळू लागतो. एकसारख्या पेळूसाठी पिंजण्याचं यंत्र सुधारावं लागतं. चरखा सुधारायला गेलेला माणूस असा कापसाच्या बोंडापर्यंत मागे जात राहतो.

हे मगनलाल गांधींना सर्वांत चांगलं कळत होतं. आश्रमातले प्रयोग त्यांच्या हातून चालत. 1928च्या एप्रिलमध्ये पाटण्याला त्यांचं निधन झालं आणि चरख्याच्या संशोधनाचा मुख्य आधार गेला. पुढच्याच वर्षी संघाने हा प्रश्न साऱ्या जगासमोर ठेवला.

यंत्र कुणासाठी?

गांधींनी यंत्रज्ञांना बोलावणं हे त्यांच्या विचारांशी विसंगत होतं का? 1924 साली एका तरुण विद्यार्थ्याने त्यांना यंत्रांबद्दल थेट प्रश्न विचारले होते. त्या संभाषणात त्यांनी शिवणयंत्राचं उदाहरण दिलं. सिंगरचं शिवणयंत्र हा मोजक्या उपयुक्त शोधांपैकी एक आहे, कारण बायकोचे टाके घालण्याचे कष्ट पाहून वाटलेल्या जिव्हाळ्यातून ते जन्मलं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचा विरोध यंत्रांच्या वेडाला होता. हजारोंना रस्त्यावर टाकून मूठभरांच्या हाती संपत्ती गोळा करणारं यंत्र त्यांना नको होतं. एकट्या माणसाचे श्रम हलके करणारं आणि त्याच्या ताब्यात राहणारं यंत्र हवं होतं.

पुढच्याच वर्षी रवींद्रनाथांनी चरख्याच्या पंथावर टीका करणारा प्रसिद्ध लेख लिहिला. एकच हालचाल अखंड करत राहण्यात बुद्धीला काम नाही, असा त्यांचा एक मोठा आक्षेप होता. एक लाखाचं बक्षीस हे या आक्षेपाला चळवळीने दिलेलं उत्तर मानता येईल. चरख्यावर बुद्धी खर्च करायला चळवळ तयार होती आणि त्या बुद्धीचं मोल द्यायलाही.

अटींतून दिसणारी बाई

या स्पर्धेचं खरं वैभव तिच्या अटींत आहे.

चरखा हलका हवा, सहज हलवता यावा, हाताने किंवा पायाने चालावा आणि हिंदुस्थानातल्या खेड्यातल्या साध्या घरात मावावा. बाईला त्यावर सलग आठ तास फार कष्ट न पडता काम करता आलं पाहिजे. पेळूवर चालण्याची सोय त्यात हवी किंवा पेळू तयार करण्याची व्यवस्था त्याच्याबरोबर हवी. सूत 12 ते 20 नंबरचं (नंबर म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप) निघालं पाहिजे आणि आठ तासांत ठरवून दिलेल्या लांबीचं. हिंदुस्थानात बनवला तर त्याचा खर्च दीडशे रुपयांच्या वर जाता कामा नये. तो मजबूत हवा. वेळोवेळी डागडुजी केली की वीस वर्षं न थांबता चालला पाहिजे आणि वर्षाला बदलाव्या लागणाऱ्या भागांचा खर्च किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक नसावा. स्पर्धकांनी आपले नमुने 1930च्या ऑक्टोबरअखेर स्वतःच्या खर्चाने साबरमतीला पाठवायचे होते. बक्षीस घ्यायचं तर पेटंटचे हक्क संघाच्या स्वाधीन करायचे होते.

बक्षिसांच्या इतिहासात इतक्या बारकाईने लिहिलेल्या अटी विरळा. प्रत्येक अटीमागे एक चेहरा दिसतो. यंत्र घरात मावायला हवं, कारण बाई घर सोडून जाऊ शकत नाही. हाताने किंवा पायाने चालायला हवं, कारण खेड्यात वीज नाही. आठ तासांनंतर तिला स्वयंपाक करायचा आहे, म्हणून अंग मोडून चालणार नाही. वीस वर्षं टिकायला हवं, कारण बिघडलं तर दुरुस्त करणारा मिस्त्री गावात असेलच असं नाही. पेटंट संघाकडे यायला हवं, कारण हे यंत्र एका कारखानदाराच्या तिजोरीत अडकून पडलं तर सगळा खटाटोप फुकट.

जगात बक्षीस लावताना बहुधा यंत्राने काय करून दाखवायचं एवढंच सांगतात. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडचं. भर समुद्रात जहाजाचा रेखांश कसा ठरवायचा हा प्रश्न शतकानुशतकं सुटत नव्हता. 1707मध्ये सिली बेटांजवळ खडकांवर आपटून ब्रिटिश आरमाराची चार जहाजं बुडाली आणि हजारावर माणसं गेली. 1714मध्ये पार्लमेंटने कायदा करून 20,000 पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं. रेखांश अर्ध्या अंशाच्या आत सांगता आला तर पूर्ण रक्कम, चूक त्याहून मोठी असेल तर कमी. पद्धत ‘व्यवहारात उपयोगी’ असावी, एवढंच पुढे म्हटलेलं होतं. या शब्दांवर नंतर अर्धशतक भांडणं झाली. घड्याळ एकाच कारागिराला बनवता येत असेल तर ते उपयोगी म्हणायचं का? त्याची किंमत किती असावी? हे कायद्यात नव्हतं.

चरखा संघाने ती पळवाट ठेवली नाही. वापरणारी कोण, किंमत किती, टिकाऊपणा किती, हक्क कुणाचे, सगळं आधीच कागदावर होतं. सार्वजनिक हिताच्या बक्षिसाची ही पहिली कसोटी असते आणि ती संघाने पूर्ण केली.

तरी अटींमध्ये एक मोठी फट राहिली. दीडशे रुपयांचाच हिशोब घ्या. दिवसाला दोन आणे धरले तरी दीडशे रुपये म्हणजे कातणाऱ्या बाईची बाराशे दिवसांची पूर्ण मजुरी. वर्षाची साडेसात रुपयांची डागडुजी म्हणजे साठ दिवसांची कमाई. असा चरखा तिला स्वतः कधीच घेता आला नसता. संघाने विकत घेऊन तिला द्यायला हवा होता किंवा हप्त्याने. त्याबद्दल बक्षिसात काही नव्हतं. यंत्राचा विचार पूर्ण होता, ते बाईच्या दारापर्यंत पोहोचवण्याचा बाकी होता.

मुदत संपली तेव्हा

बक्षीस जाहीर झाल्यावर पाच महिन्यांनी लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. 12 मार्च 1930ला गांधी साबरमतीहून दांडीला निघाले. 5 मेला त्यांना अटक होऊन येरवड्याला नेण्यात आलं. ज्या ऑक्टोबरात चरख्यांचे नमुने साबरमतीला पोहोचायचे होते, त्या ऑक्टोबरात चरखा संघाचे अध्यक्ष पुण्याजवळच्या तुरुंगात होते आणि देशभरचे खादी कार्यकर्ते मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग भरत होते. पुढे तीन वर्षांनी, 1933च्या जुलैमध्ये, गांधींनी साबरमतीचा आश्रमच विसर्जित केला. स्वातंत्र्याच्या लढ्याने वेग घेतला, तेव्हा शांत प्रयोगशाळेतलं काम मागे पडणं अटळ होतं.

तरीही नमुने तयार झाले, आणि त्यांतला एक महाराष्ट्रातून आला. किर्लोस्करवाडीच्या किर्लोस्कर बंधूंच्या कारखान्याने या स्पर्धेसाठी चरखा बनवला. हा कारखाना 1910मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी उभा केला. संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना जागा दिली होती. लक्ष्मणरावांना खेड्यातला ग्राहक चांगला ठाऊक होता. लोखंडी नांगराने जमिनीत विष पसरतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती हळूहळू दूर करत त्यांनी नांगर विकले होते. गरीब माणसाच्या हाती टिकाऊ लोखंड द्यायचं म्हणजे काय, हे त्या काळी देशात ज्या थोड्या कारखान्यांना कळत होतं, त्यांत किर्लोस्करवाडी होती.

पण तिथलाही चरखा कसोटीला उतरला नाही. सगळ्या अटी एकाच यंत्रात बसवणं जमलं नाही. सूत वाढवावं तर यंत्र गुंतागुंतीचं होतं. गुंतागुंत वाढली की ते जड होतं, महागतं आणि बिघडतं. हलकं, साधं ठेवावं तर सूत भरत नाही. एक अट ओढली की दुसरी सुटत होती. बक्षीस न देता स्पर्धा मागे पडली.

या अपयशाचं एक कारण त्या काळच्या तंत्रात आहे. दुसरं बक्षिसाच्या रचनेत आहे आणि आपल्याला शिकवणारं तेच आहे. संघाने यशाची किंमत ठरवली होती. वाटेतल्या वर्षांची किंमत कोणी द्यायची, हे ठरवलं नव्हतं. नमुना स्वतःच्या खर्चाने बनवायचा, स्वतःच्या खर्चाने पाठवायचा आणि पूर्ण यश आलं तरच पैसे. निम्मं यश म्हणजे शून्य. कारखानदार हे एखाद वेळी सोसू शकतो. गावातला सुतार, विणकर किंवा शाळामास्तर सोसू शकत नाही, आणि चरख्याची खरी जाण त्यांच्याकडेच होती.

रेखांशाच्या बक्षिसाला वर नावं ठेवली, पण या बाबतीत ते शहाणं निघालं. जॉन हॅरिसन हा लिंकनशायरच्या खेड्यातला सुतार. त्याचं पहिलं सागरी घड्याळ 1736मध्ये लिस्बनच्या सफरीवर गेलं आणि चांगलं चाललं. बक्षिसाचं काम पाहणाऱ्या रेखांश मंडळाने 1737मध्ये त्याला बक्षीस दिलं नाही. पुढचं घड्याळ बनवण्यासाठी 500 पौंड मंजूर केले, निम्मे आधी आणि निम्मे काम झाल्यावर. त्यानंतरही वेळोवेळी रकमा मिळत गेल्या. त्या पैशांवर तो वर्षानुवर्षं काम करत राहिला आणि अखेर तळहातावर मावणारं चौथं घड्याळ तयार झालं. 1764मधल्या बार्बाडोसच्या सफरीत ते 47 दिवसांत 40 सेकंदांहूनही कमी चुकलं. बक्षिसाच्या पूर्ण रकमेसाठी हॅरिसनला म्हातारपणापर्यंत भांडावं लागलं, हे खरं. पण मधले पैसे मिळाले नसते तर भांडायला घड्याळच नसतं.

बक्षिसाबाहेर उगवलेलं

चरखा सुधारायचं काम मात्र थांबलं नाही. ते तुरुंगात आणि आश्रमांत चालू राहिलं. येरवड्याच्या कोठडीत गांधी स्वतः कातत होते, फेरफार सुचवत होते. त्यातून पेटीत मिटून ठेवता येईल असा दोन चाकांचा येरवडा चरखा घडला. प्रवासात आणि तुरुंगात नेता येत असल्यामुळे तो देशभर पसरला. प्रभुदास गांधींनी पायाने चालणारा, दोन चात्यांचा चरखा बनवला. पायांनी चाक फिरवलं की दोन्ही हात कातायला मोकळे होतात. त्याला मगनलालांच्या स्मृतीने मगन चरखा म्हणतात. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनियर भारतात येऊन भारतानंद झाला आणि त्याने धनुष्य तकली तयार केली. याच भारतानंदांनी पुढे औंध संस्थानात लोकांच्या हाती राज्य देणाऱ्या प्रयोगाला हातभार लावला. 1938मध्ये वर्ध्याला मगन संग्रहालय उघडलं आणि ग्रामोद्योगांची साधनं लोकांसमोर मांडली गेली.

यांतलं कोणतंही साधन लाखाच्या बक्षिसाला पात्र नव्हतं. प्रत्येकाने मूळ प्रश्नाचा एक तुकडा सोडवला. संघाच्या बक्षिसात अशा तुकड्यांना जागा असती तर, हा प्रश्न मनात राहतोच.

दरम्यान दोन आण्यांचं गणित तसंच होतं. वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं. दिवसाचे तासन्‌तास कातायचं आणि संघाच्या दराने जी मजुरी होईल तिच्यात भागतं का ते पाहायचं. कमाई दोन आण्यांच्या आसपासच होत होती. उत्तम कातणाऱ्या माणसाची ही गत, तर खेड्यातल्या बाईची काय असेल? 1935मध्ये चरखा संघाने कातणाऱ्यांना निर्वाहापुरती मजुरी मिळाली पाहिजे हे तत्त्व स्वीकारलं आणि दर वाढवले. खादी महागली तरी चालेल, पण कातणारीच्या उपासावर ती स्वस्त ठेवायची नाही, असा तो निर्णय होता. यंत्राने जो प्रश्न सोडवायचा होता त्याला न्यायाने दिलेलं हे उत्तर. बक्षिसाची वाट पाहत प्रश्न टांगणीला ठेवायचा नसतो, एवढं शहाणपण त्या माणसांत होतं.

अंबर

बक्षिसात जे मागितलं होतं, त्याच्या सर्वांत जवळ पोहोचला तामिळनाडूचा एक कारागीर, एकंबरनाथन. स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत त्यांनी गिरणीच्या यंत्राचं तत्त्व, म्हणजे रुळांनी ओढायचं आणि कड्यावरून पीळ देत अखंड गुंडाळायचं, एका छोट्या लाकडी चौकटीत आणलं. हाताने फिरवायच्या या चरख्याला पुढे चार चात्या बसल्या. त्यांच्याच नावावरून तो अंबर चरखा झाला. चरखा संघाच्या कार्यकर्त्यांनी तो हाती घेऊन त्यावर प्रयोग केले. अंबरबरोबर कापूस पिंजण्याचं आणि पेळू सारखा करण्याचं साधनही दिलं जाई. 1929च्या अटींनी पेळूचा विचार चरख्याबरोबर का केला होता, ते इथे सिद्ध झालं.

1955मध्ये अर्थतज्ज्ञ दत्तात्रेय गोपाळ कर्वे यांच्या अध्यक्षतेखालच्या ग्रामोद्योग आणि लघुउद्योग समितीने दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी शिफारशी केल्या. वाढत्या कापडाच्या गरजेतला वाटा हाताच्या सुताला द्यावा आणि त्यासाठी अंबरवर भरवसा ठेवावा, हा त्यांतला एक धागा होता. पुढच्या वर्षी सरकारने अंबरच्या चौकशीसाठी समिती नेमली आणि तो मोठ्या प्रमाणात गावोगाव गेला. अर्थतज्ज्ञांत वाद पेटला. अमर्त्य सेन यांनी ‘चॉइस ऑफ टेक्निक्स’ या ग्रंथात अंबरचा हिशोब मांडला, तो अंबरला प्रतिकूल निघाला. योजनाकारांची मोठी स्वप्नं अंबरने पुरी केली नाहीत. पण खादी टिकली ती बऱ्याच अंशी अंबरच्या जोरावर. अनेक चात्यांचे सुधारलेले अंबर आजही खादी संस्थांत चालतात.

न्याय कसा करायचा

मग 1929चं बक्षीस फसलं म्हणायचं का? रक्कम दिली गेली नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. प्रश्न नेमका काय आहे, हे त्या बक्षिसाने मोजमापासह लिहून काढलं. ‘चरखा सुधारला पाहिजे’ ही नुसती इच्छा पुरेशी नव्हती. किती सूत, किती तास, किती रुपये, किती वर्षं हे ठरलं आणि इच्छेचं काम झालं.

पण त्याने कामकऱ्यांना वाऱ्यावर सोडलं, हा दोष पदरात घालावाच लागतो. सगळं किंवा काहीच नाही, अशा बक्षिसाकडे ज्यांच्याजवळ आधीच भांडवल आहे तेच वळतात. अलीकडच्या एका स्पर्धेने हे ओळखलेलं दिसतं. प्रतिजैविकांचा अनावश्यक वापर टाळण्यासाठी रोग्याजवळच झटपट तपासणी करता यावी, म्हणून ब्रिटनमध्ये 2014 साली रेखांशाच्याच नावाने नवं बक्षीस लागलं. 80 लाख पौंडांचं हे मुख्य बक्षीस 2024मध्ये मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाची तपासणी करणाऱ्या एका साधनाला मिळालं. मधल्या दहा वर्षांत होतकरू गटांना छोट्या रकमा देण्यात आल्या आणि भारतीय गटांसाठी त्यांतला काही पैसा भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेने दिला. 1737मध्ये हॅरिसनला मिळालेल्या 500 पौंडांचा धडा असा पुन्हा उपयोगी पडला.

आपल्याकडेही आता अशा स्पर्धा दरवर्षी जाहीर होतात. पाणी, शेती, आरोग्य, स्वयंपाकाची चूल, मैला साफ करण्याचं यंत्र, विषय सगळे मोलाचे असतात. पण बहुतेकांचा शेवट दोन दिवसांच्या सादरीकरणात आणि मोठ्या आकाराच्या धनादेशासोबतच्या छायाचित्रात होतो. यंत्र कोण वापरणार, तिला ते परवडेल का, बिघडलं तर कोण दुरुस्त करील आणि त्याचे हक्क कोणाकडे राहतील, हे अटींत शोधावं लागतं.

म्हणून बक्षीस लावणाऱ्यांना एक विनंती आहे. अटी लिहायला बसाल तेव्हा 1929च्या चरखा संघाचा तो कागद समोर ठेवा. यंत्राआधी माणूस लिहा, त्याचं घर, त्याचे कामाचे तास, त्याची मिळकत लिहा. तेवढं झालं की जे त्या कागदात नव्हतं ते जोडा. अर्ध्या वाटेपर्यंत पोहोचलेल्या कारागिराला पुढची वाट चालता येईल एवढे पैसे, आणि तयार झालेलं साधन गरिबाच्या घरी पोहोचवण्याची तजवीज. या दोन गोष्टी नसतील तर बक्षिसाची रक्कम कितीही वाढवा, ती एक लाखाच्या चरख्यासारखी पडूनच राहील.